लिफाफा उघडला, पुढचं काय? कुंभमेळा प्राधिकरणाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण,
नाशिकरोड

विषय : सिंहस्थाच्या कामांची निविदेआधीची आणि कार्यारंभ आदेशानंतरची माहिती लोकांसमोर ठेवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी ठेकेदार नाही, अधिकारी नाही आणि कुठल्या पक्षाची तर नाहीच नाही. शरणपूर रोडला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी दहा बाय बाराची खोली आहे. बाहेर पाटी लावलीय : 'ई-टेंडर, जीएसटी, पॅन, झेरॉक्स'. मी दुसऱ्यांची टेंडरं भरून देते. बारा-तेरा वर्षं हेच करतेय. ठेकेदार प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. नोंदणीची झेरॉक्स, सीएचं टर्नओव्हरचं पत्र, स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, बँकेचा दाखला. मी सगळं स्कॅन करते, बयाणा रक्कम ऑनलाइन भरते, बीओक्यूच्या, म्हणजे कामाच्या बाबी, प्रमाण आणि दर यांच्या, एक्सेल फाइलमध्ये त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा टाकते, डिजिटल सहीचं टोकन लावते (दिसायला पेनड्राइव्हसारखं), पिन मारते आणि 'फ्रीज' करते, म्हणजे टेंडर कायम करून टाकते. मग ते सुटकेचा श्वास टाकतात आणि खालच्या टपरीवरून चहा सांगतात.

आता टोकनाची गोष्ट निघालीच आहे तर आधी माझंच सांगते. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. मागच्या वर्षापर्यंत त्या डब्यात अकरा जणांची डिजिटल स्वाक्षरीची टोकनं असायची. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं नाव आणि चार-पाच जणांच्या नावाखाली पिनसुद्धा. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे. स्वाक्षरीची किल्ली ज्याची त्यानंच सांभाळायची, हे त्यात स्पष्ट आहे. पण निफाडहून किंवा सिन्नरहून येणारा माणूस म्हणतो, "ताई, हे राहू द्या तुमच्याकडंच. माझ्याकडनं हरवंल." म्हणजे कागदोपत्री अकरा ठेकेदारांनी आपापल्या सहीनं टेंडर भरलेलं, आणि अकराही सह्या माझ्या अंगठ्याखाली. ई-टेंडर म्हणजे पारदर्शकता, असं कुठे भाषणात ऐकलं की मला तो श्रीखंडाचा डबा आठवतो.

असं असलं तरी मी ई-टेंडरच्या विरोधात बोलत नाही. माझे वडील लहान ठेकेदार होते. गटारी, संरक्षक भिंती, शाळेच्या खोल्यांची डागडुजी अशी कामं करायचे. तेव्हा लाखेचं सील लावलेला लिफाफा पत्र्याच्या पेटीत टाकावा लागायचा. एका कार्यालयाच्या, त्याचं नाव इथे लिहीत नाही, जिन्यात पाच-सहा पोरं उभी असायची. हातात काही नसायचं, नुसती उभी असायची. त्यांना ओलांडून पेटीपर्यंत जायची हिंमत झाली तर टेंडर पडायचं. एकदा बाबा घरी आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि लिफाफा खिशात चारपदरी दुमडलेला होता. आईनं विचारलं तर म्हणाले, "वेळ संपून गेली." त्याच्यापुढे कधी काही बोलले नाहीत.

ती पोरं ई-टेंडरनं घालवली. 'महाटेंडर्स' या राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर भरलेला दर कूटबद्ध होतो. ठरलेल्या वेळेच्या आधी तो साहेबालाही दिसत नाही. उघडताना किमान दोन अधिकाऱ्यांची टोकनं लागतात. पानाच्या वरच्या कोपऱ्यात सर्व्हरचं घड्याळ सेकंदासकट पळत असतं आणि मुदत दुपारी तीनची असेल तर तीनला एक सेकंद कमी असेपर्यंतच टेंडर घेतलं जातं, मग बाहेर कुणीही कुणाचाही माणूस असो. बाबांच्या वेळी हे असतं तर आमच्या घराचं बरंच काही वेगळं झालं असतं. म्हणून या यंत्रणेला नावं ठेवताना माझी जीभ जरा जड होते.

पण माझं गाऱ्हाणं त्या एका सेकंदाबद्दल नाहीच. यंत्रणेनं लिफाफा राखला. लिफाफ्याच्या आधी जे ठरतं आणि लिफाफा उघडल्यावर जे घडतं, ते अजून पत्र्याच्या पेटीच्याच काळात आहे.

आधीचं आधी सांगते. टेंडर कोण भरणार हे अटींनी ठरतं. रस्त्याच्या कामाला डांबराचा प्लांट अमुक किलोमीटरच्या आत हवा, ही अट रास्तच आहे, कारण माल गरम पोचला पाहिजे. पण अंतर कितीचं धरायचं हे ठरवताना कुणाचा प्लांट कुठे आहे हे नकाशावर बघितलं गेलं का, ते आम्हाला कसं कळणार? लहानशा पेव्हर ब्लॉकच्या कामाला मागच्या तीन वर्षांत असंच काम, एवढ्याच रकमेचं, सरकारी खात्यातच केलेलं असावं, अशी अट आली की माझ्या ऑफिसात बसलेले सहा जण वाचता वाचता उठून जातात. उरलेल्याला आम्ही म्हणतो, "हे तुमच्याच मापाचं शिवलंय."

दुसरी युक्ती तारखांची. टेंडर प्रसिद्ध होतं शुक्रवारी संध्याकाळी. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद. रविवार. सोमवारी सण. टेंडर बंद होणार गुरुवारी दुपारी, कारण ते 'अल्प मुदतीचं' आहे. बँकेचा पतदाखला मिळायला चार दिवस लागतात. ज्याच्याकडे दाखला आधीच तयार असतो, त्याला तो काढून ठेवायचं कुणी सांगितलेलं असतं?

आणि तिसरी, जी मला सगळ्यात लागते, ती स्थळपाहणीच्या दाखल्याची. काम जिथे आहे ती जागा तुम्ही पाहिली, असा उपअभियंत्याच्या सहीशिक्क्याचा कागद जोडायचा. ऐकायला किती समंजस वाटतं. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं, त्यांना आपण नाना म्हणू, काय झालं ते सांगते. काम गटारीचं, जवळपास अडतीस लाखांचं. नाना सलग तीन दिवस त्या कार्यालयात गेले. साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सही मिळाली. नाना माझ्याकडे पोचायच्या आत माझा फोन वाजला. पलीकडून दुसरा ठेकेदार : "ताई, नाना कितीला टाकतायत?" ज्या कागदामुळे टेंडर भरता येतं, त्याच कागदामुळे कोण कोण भरतंय याची यादी एका टेबलावर तयार होते, आणि ते टेबल काही कूटबद्ध नसतं.

नानांनी टेंडर भरलं. तांत्रिक छाननीत बाद झाले. पोर्टलवर कारण आलं : 'कागदपत्रे अटी व शर्तींनुसार नाहीत'. कुठला कागद, कुठली अट, काही नाही. मी पुन्हा सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, सगळं लावलेलं होतं. नानांनी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकला. कायदा तीस दिवस म्हणतो. उत्तर चाळिसाव्या दिवशी आलं : मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यावसायिक हिताशी संबंधित असल्याने कलम 8(1)(ड) अन्वये देता येत नाही. स्वतःचं टेंडर का नाकारलं, हे विचारणारा माणूस स्वतःच त्रयस्थ! अपिलात गेल्यावर कळलं की स्थळपाहणीच्या दाखल्यावरचा शिक्का 'अस्पष्ट' होता. तो शिक्का ज्या कार्यालयानं मारला, त्याच कार्यालयाला तो वाचता आला नव्हता. तोवर गटार बांधून झालं होतं, वरून झाकणंही बसली होती.

आता माझी कबुली, कारण बाकीच्यांचं सांगून स्वतःचं झाकायचं हे बरं दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी तीन टेंडरं भरली. तिघंही वेगळे, निदान नावानं. तिन्ही टोकनं त्याच डब्यातली, कॉम्प्युटर तोच, इंटरनेट तेच, अंतर चाळीस मिनिटांचं. तीन आकडे एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात लिहून आले होते. एक खरा, दोन 'सपोर्ट'चे, म्हणजे नुसती स्पर्धा दाखवायला. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. फक्त मनाला सांगितलं, आपलं काम भरायचं, आपल्याला काय.

मग 2018 मध्ये पुण्याचा निकाल आला. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याची तक्रार नागरिक चेतना मंचानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. आयोगानं ती खरी धरली. पुरावा म्हणून जे पुढे आलं त्यात एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, भरल्या गेल्याचं होतं. तो मजकूर वाचताना माझ्या हाताला घाम सुटला होता. तेव्हापासून एका कामाला माझ्याकडून एकच टेंडर जातं. गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. डबा रिकामा करायला मात्र मागच्या वर्षापर्यंत वेळ लागला, हेही खरं. आता ज्याला टेंडर भरायचं असेल त्यानं टोकन घेऊन यायचं, समोर बसायचं आणि पिन स्वतः मारायची.

सांगायचं ते हे, की आयपी पत्त्याची नोंद सर्व्हरवर राहते. पुण्यात ती कुणीतरी मागितली म्हणून बाहेर आली. बाकी ठिकाणी ती तशीच पडून आहे. आर्थिक लिफाफा, म्हणजे दराचा, उघडणारे दोन साहेब उघडायच्या आधी ती यादी बघतात का? बघायला लागलं पाहिजे असा नियम तुमच्या प्राधिकरणापुरता तुम्ही करू शकता. त्याला कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

आता लिफाफ्यानंतरचं. इथे सामान्य माणूस पूर्ण आंधळा आहे, आणि खरे पैसे इथेच आहेत.

टेंडर वीस टक्के 'बिलो' गेलं की वर्तमानपत्रात बातमी येते, जनतेचे पैसे वाचले. अंदाजपत्रक एक कोटीचं धरा. वीस टक्के कमी, म्हणजे ऐंशी लाख. काम सुरू झालं की खाली खडक लागतो, किंवा लागला असं लिहिलं जातं. खोदाई वाढते. मूळ अंदाजपत्रकात नसलेली एक 'जादा बाब' येते, तिचा दर वेगळा ठरतो. मुदतवाढ मिळते, मुदतवाढीबरोबर भाववाढ. शेवटचं देयक निघतं तेव्हा आकडा एक कोटी पाचच्या घरात असतो. त्या पाच लाखांची बातमी येत नाही, कारण ते कुठे दिसतच नाहीत. झालेलं काम मोजून ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तकात दिसतात, आणि ते पुस्तक कपाटात असतं. कधी खडक खरंच लागतो, हेही मी पाहिलंय. ज्याला खरंच लागला त्याची बाजूही लोकांना कळत नाही. सगळे एकाच मापानं चोर ठरतात.

बी-2 नमुन्यात, जिथे प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा असतो, तिथे तर आणखी गंमत. कुठल्या बाबीचं प्रमाण पुढे वाढणार आणि कुठली गळणार, हे ज्याला आधी ठाऊक असतं तो वाढणारीचा दर चढा लावतो आणि गळणारीचा फुकटात. बेरजेत तो सगळ्यात स्वस्त. काम संपताना सगळ्यात महाग. माझ्यासमोर चिठ्ठीवर असे आकडे आले की मी ओळखते. बीओक्यूमध्ये दगडी पिचिंगचा दर एक रुपया टाकणारा माणूस वेडा नसतो.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्याचा लिलाव लहानपणापासून पाहिलाय. ट्रॅक्टरभोवती व्यापारी उभे, बोली मोठ्यानं, सगळ्या बाजारासमोर. याहून उघड काय असणार? तरी भाव आधीच ठरवून आलेत, अशी कुरकुर शेतकरी करतच असतो. पण त्याच्या हातात शेवटी काटापट्टी पडते, हिशोबपट्टी पडते. किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात किती, हे सगळं एका कागदावर असतं. भांडायला निदान कागद असतो. शेतकऱ्याला एका ट्रॅक्टर कांद्यामागे जेवढा हिशोब मिळतो, तेवढा नाशिककराला कोट्यवधींच्या घाटामागे मिळत नाही.

आता तुम्हालाच का लिहितेय? कारण 31 ऑक्टोबर 2026 ला त्र्यंबकेश्वरला आणि रामकुंडावर ध्वजारोहण आहे, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. रस्ते, घाट, पूल, मलनिस्सारण, साधुग्राम, वाहनतळ, वीज, पाणी, तात्पुरती शौचालयं. एवढी कामं एवढ्या थोड्या दिवसांत नाशिकला बारा वर्षांतून एकदाच निघतात. आणि घाई ही प्रत्येक आडवाटेची चावी असते. 'सिंहस्थाचं काम आहे' एवढं म्हटलं की मुदत कमी करता येते, अट बदलता येते, जादा बाब मंजूर होते. तारीख पुढे ढकलता येत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक आहे आणि अधिकाऱ्यालाही. शेवटच्या महिन्यात तर कोण काय मागेल ते मिळतं.

घाईत झालेलं काम कुठे जाऊन टोचतं हे आपल्या शहराला सांगायची गरज नाही. 27 ऑगस्ट 2003 ला, तेव्हाच्या सिंहस्थात, सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. ती टेंडरामुळे गेली असं मी म्हणत नाही. पण पुढच्या पर्वणीला रामकुंडाच्या वाटेवर लाखो लोक पुन्हा उतरणार आहेत. तिथला कठडा कुणी बांधला, त्यात किती लोखंड ठरलं होतं, किती गेलं आणि ते कुणी मोजलं, हे कळायला कुणाला माहिती अधिकारात अर्ज करावा लागू नये.

साधुग्रामासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून मागच्या हिवाळ्यात लोक रस्त्यावर उतरले, ते तुम्ही पाहिलंत. मला त्यातलं एक जाणवलं. लोकांचा राग झाडांवर चालणाऱ्या कुऱ्हाडीवर जितका होता तितकाच 'आम्हाला आधी का सांगितलं नाही' यावरही होता. आधी सांगणं हे निविदेच्या बाबतीतही तेवढंच स्वस्त आहे.

मला हवंय काय, तर एक पान. प्रत्येक कामाचं एक पान, त्याला एकच नंबर. सध्या प्रशासकीय मान्यतेला एक जावक क्रमांक, पोर्टलवर '2026_' नं सुरू होणारा लांबलचक आयडी, कार्यारंभ आदेशाला तिसराच नंबर, देयकाला चौथा. चारही नंबर कार्यालयातल्या एका कारकुनाला तोंडपाठ असतात, आणि तो बदलून गेला की कुणालाच नाही. तुमच्याच नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. तिथून निघणाऱ्या दहाच्या नोटेवरही नंबर असतो आणि ती कुठल्या बंडलात गेली याचा हिशोब लागतो. दहा कोटींच्या रस्त्याला असा एक नंबर देणं जमू नये?

त्या पानावर टेंडर निघतानाच पूर्ण अंदाजपत्रक असावं, दरसूचीतला दर आणि त्याचं पृथक्करण यांच्यासह. पात्रतेची जी अट नेहमीपेक्षा कडक आहे तिच्यापुढे दोन ओळींत कारण, आणि ते लिहिणाऱ्याचं पदनाम. निविदापूर्व बैठकीत कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हेही तिथेच. स्थळपाहणीचा दाखला काढूनच टाका. ज्याला जागा बघायची तो बघेल, आणि न बघता दर भरला तर नुकसान त्याचं. छाननीत बाद झालेल्या प्रत्येकापुढे नेमकी अट आणि नेमका कागद लिहा, मग तीन दिवस थांबा. त्या तीन दिवसांत आक्षेप आला तर त्याचं उत्तर त्याच पानावर द्या, आणि त्यानंतरच आर्थिक लिफाफा उघडा. घाईच्या काळात तीन दिवस परवडणार नाहीत असं कुणी म्हणेल. कोर्टाच्या स्थगितीला त्याहून जास्त दिवस लागतात.

कार्यारंभ आदेशानंतर मात्र ते पान झोपून जाऊ नये. मोजमाप पुस्तकाची पानं, प्रत्येक जादा बाब आणि तिच्या मंजुरीची तारीख, मुदतवाढ आणि तिचं कारण, चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो ती तारीख. आणि देयक. बिल कधी सादर झालं, कुठल्या टेबलावर किती दिवस राहिलं, पैसे कधी निघाले. हे शेवटचं मी मुद्दाम मागतेय. लहान ठेकेदार काम वाईट करतो त्यामागे कित्येकदा थकलेलं बिल असतं. रांग दिसली की मधे घुसणाराही दिसेल.

आणि कृपा करून हे सगळं तिरप्या स्कॅनच्या पीडीएफमध्ये नको. मी आयुष्यभर स्कॅन केलेत, मला ठाऊक आहे कुठला कागद चुकून उलटा लागतो आणि कुठला मुद्दाम. आकडे तक्त्यात द्या, कुणालाही उतरवून घेऊन बेरीज करता आली पाहिजे. पोर्टलवर निकाल शोधायला आजही दरवेळी ती वेडीवाकडी अक्षरं टाइप करावी लागतात, आणि शंभर कामं एकत्र बघायची म्हटलं की शंभरदा. कामाच्या जागेवर जो फलक लावता, ज्यावर नेत्यांचे फोटो कामाच्या रकमेपेक्षा मोठे असतात, त्यावर एक क्यूआर कोड छापा. तो स्कॅन केला की हे पान उघडू दे. रामकुंडावर बसणारा फूलवालासुद्धा बघेल.

तुमच्याकडून काय उत्तर येईल याचा थोडा अंदाज आहे. माणसं नाहीत म्हणाल. पण हे सगळे कागद कुणीतरी टाइप करतच आहे, फक्त ते कपाटात जातात. व्यावसायिक गुपित म्हणाल. आर्थिक लिफाफा उघडल्यावर सगळ्यांचे दर पोर्टलवर येतातच, मग गुपित उरतं कुठलं? तक्रारखोर लोक छळतील म्हणाल. तो त्रास खरा आहे. माहिती अधिकाराचा धाक दाखवून ठेकेदाराकडून पैसे काढणारे मीही पाहिलेत, माझ्या ऑफिसात बसून चहा पिऊन गेलेत. पण त्यांचा धंदा चालतो तो कागद फक्त त्यांच्याच हातात आहे म्हणून. तोच कागद सगळ्यांना दिसायला लागला तर विकणार काय ते?

हे काही जगावेगळं मागत नाही. तमिळनाडूनं निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा 1998 मध्ये केला, कर्नाटकानं 1999 मध्ये, राजस्थाननं 2012 मध्ये. राजस्थानच्या कायद्यात बाद झालेल्याला अपिलाची वाट आहे. नाना तिकडचे असते तर गटार बांधून व्हायच्या आत कुणीतरी त्यांचं ऐकलं असतं. आपण शासन निर्णयांवर चालतो, एक निर्णय निघतो, मग दुसरा त्यात दुरुस्ती करतो. दूर युक्रेनमध्ये 2016 मध्ये 'प्रोझोरो' नावाची सरकारी खरेदीची ऑनलाइन व्यवस्था सक्तीची झाली. तिथे लिलाव संपला की हरलेल्यांचे कागदही सगळ्यांना दिसतात. युद्ध चालू असलेला देश आहे तो. माहिती अधिकाराचा कायदा तर महाराष्ट्रानं देशाच्या आधी केला होता, 2002 चा. त्याच राज्यात आताच्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली जे आपणहून जाहीर करायचं ते मागूनही मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

सगळी कामं एकदम जमणार नसतील तर दहा निवडा. घाटाची तीन, रस्त्याची चार, साधुग्रामातली तीन. ध्वजारोहणाच्या आत त्यांची पानं तयार करा. पुढचं लोकच मागतील.

कळावे,

आपली,
टेंडर भरून देणारी एक नाशिककर

ता. क. : हे लिहीत असताना नाना आले. उद्या तीन वाजता एक टेंडर बंद होतंय, त्यांना भरायचंय. अट वाचली, पान नंबर सतरा : 'स्थळपाहणीचा मूळ दाखला जोडणे बंधनकारक, शिक्का सुस्पष्ट असावा.' नाना टोकन खिशात घालून पुन्हा त्या कार्यालयाकडे गेलेत. साहेब साइटवर आहेत, असा आत्ताच फोन आला.